एका मिलिमीटरला शंभर उजनी



दौंड जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर तुमच्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. शिरूरची मुलं लगेच म्हणतील, "बाई, आमच्याकडे कुठं रेल्वे आहे?" खरं आहे बाबांनो. पण कधी ना कधी तुम्हीही आगगाडीत बसता, मग ते दौंडला असो, नगरला असो नाहीतर पुण्याला. पुढच्या वेळी गेलात की प्लॅटफॉर्मच्या टोकाला चालत जा. (एकट्याने नाही, मोठ्या माणसाचा हात धरून!) तिथे पिवळ्या रंगाचा मोठा फलक असतो. त्यावर काळ्या अक्षरांत स्टेशनचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. दौंडची उंची पाचशे मीटरपेक्षा थोडी जास्त आहे.

आता मला सांगा, समुद्र दौंडपासून केवढा लांब! मग उंची तिथून कशाला मोजायची? पायथ्याच्या शेतापासून मोजली तर नाही का चालणार? नाही चालणार. तुमचं शेत एका उंचीवर, माझं दुसऱ्या. प्रत्येकाने आपापल्या बांधापासून मोजायला सुरुवात केली तर भांडणंच व्हायची. म्हणून सगळ्यांना मान्य असं एक शून्य पाहिजे. ते शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी.

पण समुद्र तर एका जागी थांबत नाही. मागच्या वेळी आपण भरती-ओहोटी पाहिली, ती आठवा. दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, वर लाटा निराळ्याच. मग 'सरासरी' काढायची कशी? त्यासाठी बंदरावर विहिरीसारखी एक उभी नळी बसवतात. तिला खाली बारीक छिद्र असतं. त्यामुळे लाटांचा धिंगाणा बाहेरच राहतो आणि आतलं पाणी मात्र समुद्राबरोबर शांतपणे वरखाली होतं. त्या पाण्यावर एक तरंगणारा गोळा. गोळ्याला बांधलेली तार. तारेच्या दुसऱ्या टोकाला लेखणी. लेखणीखाली हळूहळू फिरणारा कागद. झालं भरतीमापक यंत्र! मुंबईला, जिथे आज गेटवे ऑफ इंडिया उभं आहे त्या अपोलो बंदरावर, अशा नोंदी १८७८ सालापासून ठेवल्या गेल्या आहेत. गेटवे बांधून होण्याच्या कितीतरी आधीपासून. आता यंत्रं नव्या पद्धतीची आली, पण काम तेच.

मुंबई, कारवार, मद्रास, कराची अशा नऊ बंदरांवरच्या नोंदींवरून भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ साली उंचीचं शून्य ठरवलं. मग दुर्बिणी आणि मोजपट्ट्या घेऊन माणसं ते शून्य टप्प्याटप्प्याने देशभर घेऊन गेली. घाट चढून ते आपल्याकडेही आलं.

गंमत बघा. ते शून्य शंभर वर्षांहून जुनं आहे. समुद्र मात्र तेव्हा होता तिथे राहिलेला नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. म्हणजे जवळजवळ वीतभर. दौंड जागच्या जागी आहे, शिरूर जागच्या जागी आहे, पण समुद्र वर आला आहे.

कशामुळे? हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा अर्धा वर्ग एकसुरात ओरडला, "बाई, बर्फ वितळतो ना!" मी म्हटलं, "कुठला बर्फ?" आता मात्र वर्ग गप्प. त्यांना वाटलं, बाईंनी काय प्रश्न विचारला! बर्फ म्हणजे बर्फ. कुठला म्हणजे?

चला तर मग, करूनच बघू. घरी फ्रीज नसेल तर रसवंतीवाल्या काकांकडून मूठभर बर्फ मागून आणा. काचेचे दोन सारखे पेले घ्या. पहिल्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घाला आणि त्यात बर्फाचे चार खडे सोडा. ते तरंगतील. दुसऱ्या पेल्यात एक मोठासा दगड ठेवा, त्याचं डोकं पाण्याच्या वर राहील एवढंच पाणी घाला, आणि दगडाच्या डोक्यावर चार खडे ठेवा. दोन्ही पेल्यांवर बाहेरून स्केचपेनने पाण्याच्या पातळीची रेघ मारा. आता अर्धा तास अभ्यास करा. (हा भाग पालकांना आवडेल.)

बर्फ वितळल्यावर काय दिसतं? दगडाच्या पेल्यात पाणी रेघेच्या वर चढलेलं असतं. त्यात नवल नाही, वरून नवीन पाणी आलं. पण तरंगणाऱ्या बर्फाच्या पेल्यात पाणी रेघेवरच! वर नाही, खाली नाही. आमच्या वर्गात या पेल्याभोवती एवढी गर्दी झाली की पेला पडता पडता वाचला. तिसऱ्या बाकावरचे एक महाशय तर म्हणाले, "बाई, परत करा, काहीतरी चुकलं असंल." परत केलं. परत तेच.

कारण सोपं आहे. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाएवढं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. पाण्यात त्याने जणू स्वतःपुरता खड्डा केलेला असतो. वितळला की त्याचं जेवढं पाणी होतं ते बरोब्बर त्या खड्ड्यात मावतं. आर्किमिडीज नावाच्या ग्रीक विद्वानाने दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलेला नियम हाच.

आता पृथ्वीचा गोल घ्या. वरचा ध्रुव, म्हणजे उत्तर ध्रुव, हा पहिला पेला आहे. तिथे जमीन नाहीच. तो गोठलेला समुद्र आहे. तो बर्फ कमी होतो आहे हे खरं, त्याचे इतर दुष्परिणामही पुष्कळ, पण त्याच्या वितळण्याने समुद्र चढत नाही म्हटलं तरी चालेल. खालचा ध्रुव, दक्षिण ध्रुव, हा दुसरा पेला. तिथे अंटार्क्टिका नावाचं अख्खं खंड आहे आणि त्याच्या डोक्यावर बर्फ. उत्तरेकडे ग्रीनलँड नावाचं प्रचंड बेट आहे, तेही दुसऱ्या पेल्यातलंच.

किती बर्फ? अंटार्क्टिका आपल्या भारताच्या चौपटीहून मोठं आहे. आणि त्यावर सरासरी सुमारे २ किलोमीटर जाडीचा बर्फ! आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाई उचलून तिथे नेलं तर सरासरी जाडीच्या बर्फात ते गडप होईल, वर देवीच्या मंदिराचा कळससुद्धा दिसणार नाही. काही ठिकाणी तर ही जाडी साडेचार किलोमीटरच्याही वर आहे. हा सगळा बर्फ वितळला तर जगातले समुद्र सुमारे ५८ मीटरने चढतील. ग्रीनलँडचा वितळला तर ७ मीटरने.

थांबा, थांबा! घाबरू नका. 'सगळा वितळला तर' असं म्हटलं मी. तसं व्हायला हजारो वर्षं लागतील. मोबाईलवर काही चित्रफिती फिरतात, त्यात लाट येते आणि मुंबई एका दिवसात बुडते. त्या बघून आमच्या वर्गातली दोन मुलं रात्री झोपली नव्हती. असल्या चित्रफिती पुढे पाठवणाऱ्या मोठ्या माणसांना काय म्हणावं! खरी गोष्ट निराळी आहे. ती संथ आहे, आणि म्हणूनच लक्षात येत नाही.

तिकडे जाण्याआधी एक सांगते. अंटार्क्टिका लांब असलं तरी अगदीच परकं नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली मोहीम आपल्या शेजारच्या गोव्यातूनच निघाली. मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. ९ जानेवारी १९८२ ला ते २१ जण तिथे पोहोचले. पुढे १९८३-८४ मध्ये आपण तिथे 'दक्षिण गंगोत्री' नावाचं केंद्र बांधलं. पण ते होतं बर्फावर. दरवर्षी वर नवा बर्फ साचत गेला आणि काही वर्षांतच केंद्र गाडलं गेलं! १९९० मध्ये ते बंद करावं लागलं. तोवर शहाणपण आलं होतं. म्हणून पुढचं 'मैत्री' हे केंद्र खडकावर बांधलं, आणि २०१२ पासून 'भारती' हे आणखी एक केंद्र चालू आहे. मैत्रीच्या जवळच एक हिमनदी आहे, तिचं नावही दक्षिण गंगोत्री. तिचं टोक कुठपर्यंत आहे हे आपले भूवैज्ञानिक वर्षानुवर्षं मोजत आले आहेत. ते टोक मागे सरकतं आहे. फार नाही, वर्षाला सरासरी मीटरभरापेक्षा कमी.

आणि हे तर तुम्हाला फारच आवडेल. २०२४ साली भारती केंद्रातल्या टपाल कार्यालयाला नवा पिन मिळाला: एमएच-१७१८. एमएच कशाचं, ओळखलंत ना? तिथलं टपाल गोव्याच्या विभागात येतं आणि गोवा विभाग टपाल खात्याच्या महाराष्ट्र मंडळात. म्हणजे टपाल खात्याच्या हिशेबात अंटार्क्टिका आपलं शेजारी! पत्रं गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे जातात, तिथून मोहिमेबरोबर जहाजाने जातात, तिथला शिक्का बसतो आणि परत येतात. तिकिटं जमवणाऱ्यांनी वहीत लिहून ठेवा.

असो. मूळ मुद्दा. बर्फ किती कमी होतो हे कळतं कसं? एवढं मोठं खंड, त्याला तराजूत कोण घालणार? तर घातलं की! २००२ साली दोन जुळे उपग्रह आकाशात सोडले. एकाच्या मागे एक, दोनशेवीस किलोमीटरचं अंतर ठेवून ते पृथ्वीभोवती पळायचे. शास्त्रज्ञांनी लाडाने त्यांची नावं ठेवली टॉम आणि जेरी. जिथे खाली वजन जास्त, तिथे पृथ्वीची ओढ जराशी जास्त. मग पुढचा उपग्रह किंचित ओढला जाई, मागचा मागे राही, अंतर बदले. हा बदल केसाच्या जाडीहून बारीक असला तरी यंत्राला कळायचा. दर महिन्याला असं मोजत गेलं की कुठलं वजन घटलं ते समजतं. २०१७ मध्ये ते दोघे थकले, २०१८ पासून नवी जोडी पळते आहे.

या मोजणीतून कळलं ते असं. २००२ पासूनच्या वीसेक वर्षांत ग्रीनलँडचा बर्फ वर्षाला सरासरी २७० अब्ज टन घटला आणि अंटार्क्टिकाचा सुमारे १५० अब्ज टन. हा नवा पडणारा हिम धरून, बेरीज-वजाबाकी करून उरलेला तोटा आहे.

अब्ज टन म्हटलं की डोक्यात काही येत नाही. माझ्याही येत नाही. म्हणून आपण आपलं माप वापरू. आपल्या दौंडवरून भीमा जाते, शिरूरची घोडनदी तिलाच मिळते, आणि ते सगळं पाणी पुढे उजनीत साठतं. भिगवणला रोहित पक्षी बघायला सहल गेली असेल तर तो पाण्याचा पसारा तुम्ही पाहिला आहे. उजनी काठोकाठ भरली की सुमारे ११७ टीएमसी पाणी असतं, म्हणजे अंदाजे ३.३ घन किलोमीटर. एक घन किलोमीटर पाण्याचं वजन एक अब्ज टन. तर ग्रीनलँडमधून दरवर्षी भरलेल्या एक्क्याऐंशी-ब्याऐंशी उजनी समुद्रात जातात, आणि अंटार्क्टिकातून पंचेचाळीस!

एवढं पाणी ओतल्यावर समुद्र किती चढतो? वही काढा. जगातल्या समुद्रांचं क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी पसरायचं. एका किलोमीटरमध्ये दहा लाख मिलिमीटर. म्हणून ३६ कोटींना दहा लाखांनी भागा. ३६० घन किलोमीटर. त्याला ३.३ ने भागा. आलं उत्तर? एकशे नऊ. म्हणजे समुद्र एक मिलिमीटर चढवायला एकशे नऊ उजनी ओताव्या लागतात.

मग वर्गातला एक जण म्हणाला, "बाई, मग एवढं करून फक्त एक मिलिमीटर? त्यात काय!" हा प्रश्न चांगला आहे. त्याकडे येतेच. पण त्याच्याआधी दुसऱ्या मुलीने जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. ती म्हणाली, "अंटार्क्टिकावर तर उणे पन्नास तापमान असतं म्हणता. मग तिथं बर्फ वितळंलच कसा?"

शाबास! तिथे १९८३ साली रशियन केंद्रावर उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. अशा थंडीत मधला बर्फ वरून वितळत नाही. पण बर्फ दगडासारखा स्थिर नसतो. स्वतःच्या वजनाखाली तो पाकासारखा हळूहळू कडेकडे सरकतो. याच त्या हिमनद्या. समुद्राशी आल्या की त्यांचा पुढचा भाग पाण्यावर तरंगायला लागतो, फळीसारखा. या फळीच्या खालून समुद्राचं थोडं कोमट पाणी तिला कुरतडतं. ('कोमट' म्हणजे आपल्या अंघोळीचं नव्हे. शून्याच्या वर एखादा अंश!) फळी तरंगती आहे, म्हणजे पहिला पेला. ती वितळून समुद्र चढत नाही. मग चिंता कसली?

ऊस भरलेली ट्रॉली चढावर थांबली की तिच्या चाकाखाली दगड लावतात, पाहिलंय ना? दगड काढला तर? ट्रॉली मागे येणार. ती बर्फाची फळी म्हणजे तसला दगड आहे. तिने मागच्या सगळ्या बर्फाला अडवून धरलेलं असतं. २००२ साली अंटार्क्टिकाच्या एका टोकाची 'लार्सन बी' नावाची अशीच फळी महिना-सव्वा महिन्यात फुटून विखुरली. ती पुणे जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाएवढी होती. त्यानंतर तिच्या मागच्या हिमनद्या पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने समुद्रात सरकू लागल्या. त्याच खंडाच्या पश्चिमेला थ्वेट्स नावाची हिमनदी आहे. समुद्राकडचं तिचं तोंड १२० किलोमीटर रुंद आणि क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. शास्त्रज्ञांचं सगळ्यात जास्त लक्ष तिच्याकडे आहे, कारण तिच्या चाकाखालचा दगड झिजतो आहे.

समुद्र चढायला फक्त बर्फच कारण आहे असं मात्र समजू नका. हे पुस्तकांत फार थोडक्यात येतं म्हणून मुद्दाम सांगते. तापमापीतला पारा गरम झाला की वर का चढतो? प्रसरण पावतो म्हणून. समुद्राचंही तेच होतं. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवला, त्याने पृथ्वीची उष्णता अडली, आणि त्या जास्तीच्या उष्णतेपैकी बहुतेक समुद्राने गिळली. १९७१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी जेवढी वाढली त्यातला जवळजवळ निम्मा वाटा नुसत्या या फुगण्याचा आहे. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचा मिळून पाचवा हिस्सा, आणि हिमालय, आल्प्स, अलास्का अशा डोंगरांवरच्या हिमनद्यांचा त्याहून किंचित जास्त. पण ध्रुवांकडचा वाटा वाढत चालला आहे.

बाकी उरलेला थोडा वाटा कुणाचा असेल? आपला! हो, शिरूर-दौंडचासुद्धा. उन्हाळ्यात आपल्याकडे बोअर किती फूट खाली जाते ते घरी विचारा. जमिनीखालचं वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी आपण उपसतो, पिकाला देतो, त्याची वाफ होते, पाऊस पडतो, आणि शेवटी त्यातलं बरंचसं समुद्राला मिळतं. जमिनीत परत तेवढं मुरत नाही. जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आपलाच. धरणांचं नेमकं उलटं. ती पाणी अडवून ठेवतात. विसाव्या शतकात जगभर बांधलेल्या धरणांमुळे समुद्र जवळपास ३० मिलिमीटरने कमी चढला, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. १९८० साली झालेल्या आपल्या उजनीनेही त्यात एका मिलिमीटरचा शंभरावा भाग टाकला. खारीचा वाटा म्हणतात तो हाच!

आता त्या मुलाचा प्रश्न. मिलिमीटरने काय होतं?

पुण्याच्या पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली भारताच्या हवामानाचा मोठा अहवाल तयार केला. त्यात म्हटलं आहे की आपल्याकडचा समुद्र, म्हणजे हिंदी महासागराचा उत्तर भाग, आधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर चढत होता. १९९३ ते २०१७ मध्ये तो वेग ३.३ मिलिमीटर झाला. म्हणजे दुप्पट-तिप्पट. तुम्ही आज चौथीत असाल तर दहावीला जाईपर्यंत या वेगाने दोन सेंटिमीटर होतात. हाताच्या अंगठ्याची रुंदी.

आमच्या वर्गात एका मुलीचं आजोळ पेणच्या बाजूला, खारेपाटात आहे. खाडीकाठचा हा भाग इतका सखल की भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून पिढ्यान् पिढ्या मातीचे बांध घालून भातशेती केली जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या डोक्याला टेकतं. कधी बांध फुटतो. त्याला तिकडे 'खांड गेली' म्हणतात. ती मुलगी वर्गात उभी राहून म्हणाली, "आजोबा सांगतात, एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन वर्षं भात नाही. आधी पावसाने मीठ धुवून जायला लागतं." मग तिने त्या मुलाकडे बघून हात बांधाएवढा धरला आणि वर अंगठा आडवा ठेवला. "एवढंच लागतं," म्हणाली. मला पुढे काही समजवायची गरजच पडली नाही.

बांधाला सरासरी पाण्याची भीती नसते, सगळ्यात मोठ्या उधाणाची असते. खालची पातळी अंगठाभर वर आली की प्रत्येक उधाण अंगठाभर वरून सुरू होतं. पूर्वी दहा वर्षांत एकदा बांधावरून जाणारं पाणी मग पाच वर्षांत एकदा जातं, मग दोन वर्षांत.

मुंबईचंही तसंच. मुंबईचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. पण भरतीच्या वेळी समुद्रच नाल्याच्या तोंडाशी उभा असतो, मग पाणी जाणार कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे दोन वर्षांत मिळून जेवढा पडतो साधारण तेवढा, एका दिवसात! आणि त्यातच भरतीची वेळ. तुमच्यापैकी कित्येकांचे काका, आत्या, मामा मुंबईत असतात, त्यांना विचारा त्या दिवसाची हकिगत. म्हणून तर पावसाळ्याआधी मुंबई महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस कोणते, याची यादीच जाहीर करते. रांजणगावच्या कारखान्यांतला माल आणि आपला कांदा परदेशी जातो तो न्हावाशेवाच्या बंदरातून, तेही याच समुद्राच्या काठावर. "आपल्याला काय, आपण पाचशे मीटरवर," असं म्हणणाऱ्यांनी एकदा घरातल्या मोठ्यांबरोबर बसून हा हिशेब करावा.

पालकांसाठी दोन आकडे. जगभरच्या शास्त्रज्ञांचा अंदाज असा की धूर झपाट्याने कमी केला तर २१०० सालापर्यंत समुद्र, या शतकाच्या सुरुवातीच्या मानाने, सुमारे एक ते पावणेदोन फूट चढेल. आहे तसाच वाढत ठेवला तर दोन ते सव्वातीन फूट, आणि थ्वेट्ससारख्या हिमनद्यांनी दगा दिला तर त्याहूनही जास्त. आज तुमच्या मांडीवर बसून हे पान वाचणारं मूल तेव्हा आजीआजोबांच्या वयाचं असेल. खाडीकाठी कांदळवनं, म्हणजे तिवरांची जंगलं, टिकवायची. कुठे बांध उंच करायचे. कुठे वस्ती मागे घ्यायची. हे त्याच्या पिढीला ठरवावं लागणार आहे. त्यासाठी भूगोल आणि गणित दोन्ही पक्कं लागेल. म्हणून "भूगोलाला काय, पाठ केलं की झालं" असं निदान मुलांच्या देखत म्हणू नका!

आता तुमचं काम. पेल्यांचा प्रयोग पुन्हा करा, पण या वेळी पहिल्या पेल्यात साध्या पाण्याऐवजी मिठाचं घट्ट पाणी घ्या. समुद्राचं पाणी खारं आणि बर्फ गोड्या पाण्याचा, त्यामुळे मी 'समुद्र चढत नाही म्हटलं तरी चालेल' असं का म्हटलं, 'मुळीच चढत नाही' असं का नाही म्हटलं, ते शोधून काढा. बारीक नळीसारख्या उभ्या भांड्यात केलंत तर फरक दिसेल.

आणि गणित असं: थ्वेट्स हिमनदी सगळी वितळली तर समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल. मग तिच्यात किती उजनी पाणी आहे? कॅल्क्युलेटर न वापरता सोडवा. उत्तर रीतीसकट पोस्टकार्डावर लिहून पाठवा, आणि पत्ता लिहिताना पिनकोड विसरू नका.